उचलेल तेवढंच

भोर, २० ऑक्टोबर २०२४

इंद्रजित,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचल्याची खूण येत नाही, म्हणून कागद घेतला. पत्ता झुल्फिकारने दिला. त्याच्यावर रागावू नकोस. मी त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बसून राहिले, तेव्हा बिचाऱ्याला द्यावा लागला. "काकू, माझं नाव सांगू नका," म्हणाला होता. तेही मी सांगून टाकलं. आता लपवालपवी करायची ताकद राहिली नाही.

आण्णांना हे पत्र माहीत नाही. बापाला न सांगता लेकाला लिहितेय.

तू कसा आहेस हे विचारत नाही. बरा आहेस असं धरून चालते. हैदराबादला जेवणाचं काय करतोस तेही विचारत नाही.

इकडे सांगण्यासारखं एवढंच. कोजागिरीच्या आधी चार दिवस पश्चिमेला शेपटीचा तारा दिसत होता. आण्णांनी मोबाईलवर कुणीतरी काढलेला त्याचा फोटो पाहिला आणि मला म्हणाले, "नूतन, मला गच्चीवर ने." तू गेल्यापासून ते स्वतःहून कुठं न्या म्हणाले नव्हते. स्टुडिओचं शटर मी उघडते, मी लावते. पासपोर्टचे फोटो मी काढते. ते आत खुर्चीवर बसतात आणि कुणी ओळखीचं आलं की आतल्या खोलीत जातात.

मग नेलं. जिना चढायला वेळ लागला. कॅमेरा त्यांचा जुनाच, तिवईवर लावला. लेन्सचं कडं त्यांना फिरवता येईना. केसाएवढं फिरवायचं असतं आणि त्यांचा हात बोटभर फिरतो. म्हणून ते सांगत गेले आणि मी फिरवत गेले. बटणाला हात नको म्हणून टायमर लावला. फोटो आला तर ताऱ्याच्या जागी एक ओघळ. आसपासचे बारीक तारेसुद्धा सगळे एकाच बाजूला ओढल्यासारखे.

मला वाटलं, आता पुन्हा आठवडाभर अबोला.

पण त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो फोटो मोठा करून पाहिला, परत पाहिला, आणि म्हणाले, "हा हात न्हाई हलला. आकाश हललं."

इंद्रजित, त्यांचा चेहरा मी तुला लिहून दाखवू शकत नाही. नापास झालेल्या पोराला पेपर तपासताना चूक झाली होती असं कळावं, तसा झाला होता.

आता त्यांना आकाशाबरोबर फिरणारं काहीतरी हवंय. बघू.

आई


भोर, २४ नोव्हेंबर २०२४

इंद्रजित,

उत्तर आलं नाही. पत्र पोहोचलं असेल. परतही आलं नाही, म्हणजे पोहोचलंच.

पहिल्या पत्रात एक सांगायचं राहिलं. राहिलं नाही, मीच ठेवलं होतं. आण्णांच्या हाताला नाव आहे. कंपवात. तू गेलास त्यानंतरच्या पावसाळ्यात पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या आहेत. गोळी लागली की थोडा वेळ हात शांत असतो, मग परत सुरू. बरं होण्यातलं नाही, सांभाळण्यातलं आहे. सांभाळणारी मी आहे.

सध्या दिवसभर मोबाईलवर दुर्बिणींचे व्हिडिओ. जेवताना मला शिकवतात. मी समजायचे की दुर्बीण जितकी मोठी तितका फोटो चांगला. तसं नाही म्हणे. आधी माउंट, मग बाकी सगळं. माउंट म्हणजे ज्याच्यावर दुर्बीण किंवा कॅमेरा बसतो ते यंत्र. एक प्रकार साधा, वरखाली आणि डावंउजवं करणारा. डोळ्यानं बघायला तो बरा, फोटोला नाही, कारण बराच वेळ उघडं ठेवलं की चित्र हळूहळू स्वतःभोवती फिरतं. दुसऱ्याचा कणा ध्रुवाकडे तिरका लावायचा असतो. पृथ्वी इकडून फिरली की ते तिकडून, तेवढ्याच चालीनं. मग तारे जागचे हलत नाहीत. तू हे सगळं माझ्याआधी जाणत असशील.

गेल्या आठवड्यात त्यांना घेऊन पुण्याला गेले. दुकानातली मुलगी चांगली होती, आण्णांच्या हाताकडे एकदा बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. आण्णांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. मोठं माउंट, लोखंडी तिवई, तोल साधायला खाली वजनाचे गोळे. त्यावर उद्या दुर्बीणही बसेल, म्हणाले. मुलगी म्हणाली, "काका, छान आहे, पण जड आहे. रोज मांडायचं आणि रोज आत न्यायचं. बऱ्याच लोकांचं मग नुसतंच घरात पडून राहतं."

"हेच घ्यायचं," आण्णा म्हणाले.

मी म्हटलं, "उचला."

मुलगी कपाटात काहीतरी शोधायला वळली.

मला वाईट वाटलं नाही. तुला खोटं कशाला लिहू. त्यांची बादली मी उचलते, गॅसची टाकी मी सरकवते, पाय घसरला की त्यांना मी उचलते. त्या दुकानात मी एवढंच विचारलं की आणखी हे कोण उचलणार. मग मीच उचलून दाखवलं. दारापर्यंत नेलं आणि खाली ठेवलं. कमरेत कळ आली ती चेहऱ्यावर दाखवली नाही.

रिकाम्या हातांनी निघालो. एसटीत ते खिडकीशी, मी कडेला. खेड शिवापूर मागे पडलं. पुढे नसरापूरच्या अलीकडे म्हणाले, "तुला उचलेल तेवढंच घेऊ."

मी "बरं" म्हटलं आणि डोळे मिटून घेतले.

मग दोन दिवसांनी त्याच दुकानातून फोनवर मागवून घेतलं ते लहान आहे. ट्रॅकर म्हणतात. पिशवीत मावतं. दुर्बीण बसत नाही त्यावर, आपला कॅमेरा आणि लग्नात वापरायचो ती लांब लेन्स बसते. मुलगी म्हणाली, सुरुवातीला एवढंच बरं.

आई


वेल्हे, १ जानेवारी २०२५

इंद्रजित,

चिमामामाकडून लिहितेय. नवीन वर्ष लागलं म्हणून नाही, काल रात्री मला फार एकटं वाटलं म्हणून.

भोरच्या गच्चीवरून काही जमेना. ट्रॅकरला एक बारीक नळी असते, तिच्यातून ध्रुव पकडायचा. आपल्याकडे ध्रुव मुळातच खाली, आणि उत्तरेला शेजाऱ्यांनी तिसरा मजला चढवलाय. ध्रुव त्यांच्या स्वयंपाकघरात. वर रस्त्याचा दिवा. मग मामाला फोन केला. तो भोरला भाजी टाकायला आला होता, त्याच्या टेम्पोतून आलो.

मामाच्या अंगणातून तोरणा दिसतो, पण उत्तरेची टेकडी नेमकी आड येते. अंधार पडल्यावर आण्णा म्हणाले, वर खळ्यावर जाऊ. खळं तुला आठवत असेल, भाताच्या खाचरांच्या वर. तिवई मी नेली, कॅमेऱ्याची पिशवी मी नेली, मग खुर्ची, मग आण्णांना. मामानं बॅटरी दाखवली आणि त्यांचा दुसरा दंड धरला.

मामी दारातून म्हणत होती, "अवसंच्या दिसात आजारी माणसाला रानात कशापायी न्यायचं?" परवाच सोमवती होऊन गेली. तिला कसं सांगू की चंद्र नको म्हणूनच हे दिवस धरलेत.

मामाला गंमत वाटत होती. "दाजी, तारं तर रोज हायीत. फोटू कशाला लागतोय?"

"रोज हायीत म्हणून तू कधी वर बघितलंस व्हय?" आण्णा म्हणाले.

"न्हाई बा. आमी खाली बघून चालतो, इच्चूकाट्याचं."

दोघं हसले. तेवढंच हसणं झालं.

नळी जवळजवळ आडवी होते, म्हणून गुडघ्यावर बसून मान वाकडी करून बघावं लागतं. आण्णांना बसता येत नाही. मी बसले. खाली खडे. सप्तर्षी त्या वेळी वर आलेले नसतात, शर्मिष्ठेवरून ध्रुव शोधायचा. आण्णा खुर्चीतून सांगतायत, डावीकडं, थोडं खाली, आता थांब. मला नळीत ठिपकेच ठिपके. एक तेजस्वी दिसला तो मी धरला. फोटो काढले. सगळे ओघळ. पुन्हा धरला, पुन्हा ओघळ. मी भलत्याच ताऱ्याला ध्रुव समजत होते.

तेव्हा आण्णांचा तोल गेला. "एक काम तुला धड सांगून जमत न्हाई. इंद्या असता तर…"

मामा बॅटरी घेऊन खाचराच्या बांधापर्यंत उगाच फिरून आला.

इंद्रजित, किकवीच्या त्या कार्यालयात तू त्यांच्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतलास तेव्हा मी नवरीच्या मागे तिचा पदर सावरत उभी होते. मंगलाष्टकांचे सगळे फोटो हलले होते, नवरीचा भाऊ ओरडत होता, आणि तू म्हणालास, "हात थरथरतोय तुमचा, घरी बसा." खरं होतं ते. पण दोन्हीकडचे पाहुणे ऐकत होते. कॅमेरा मागूनही घेता आला असता. घरी आल्यावर ते तुला जे बोलले, या उंबऱ्यात पाय ठेवू नकोस म्हणाले, तेही मी ऐकलं. तेव्हा दुखण्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं वय झालं, तुला वाटायचं हट्ट करतात.

तुम्ही दोघं बोलून मोकळे झालात. ऐकलेलं सगळं माझ्यापाशी पडून आहे.

सामान खाली आणलं. मामीनं घेवड्याची आमटी आणि भात वाढला. आण्णा नीट जेवले नाहीत, चमचा सांडत होता म्हणून. मामीनं भात कालवून दिला.

आज सकाळपासून मी मनाशी म्हणतेय की हे पुरे. भोरला गेल्यावर ट्रॅकर कपाटात ठेवायचा.

आई


भोर, ५ फेब्रुवारी २०२५

इंद्रजित,

तुझं पाकीट मिळालं. चार ओळी का होईना, अक्षर बघितलं.

आधी माझं सांगते, मग तुझ्या ओळींचं.

ट्रॅकर कपाटात ठेवला नाही. आण्णांनी माफी मागितली नाही, पण आठ-दहा दिवसांनी एका कागदावर ध्रुवाच्या आजूबाजूचे तारे काढून दिले. हात चालत असताना काढत बसले होते. रेघा वेड्यावाकड्या होत्या, पण कुठला तारा कुठं ते कळत होतं. म्हणाले, "मी तुला बघायला सांगत होतो, वळखायला शिकवलंच न्हाई." मग रोज संध्याकाळी गच्चीवर मला तारे ओळखायला लावले. चुकले तर परत. शाळेत असल्यासारखं. कंटाळा आला मला, पण गेले.

पौषातल्या अवसेला पुन्हा मामाकडे. या वेळी खळ्यावर मी घोंगडी नेली होती गुडघ्याखाली घालायला. ध्रुव मिळाला. बारीकच असतो रे. ज्याच्या एवढ्या गोष्टी सांगतात तो इतका साधा असेल असं वाटलं नव्हतं.

नंतर कॅमेरा मृगाकडे वळवला. मृगाच्या पोटातला तो तीन ताऱ्यांचा बाण आहे ना, त्याच्या खाली डोळ्याला नुसता धूसर ठिपका दिसतो. मिनिटभर उघडं ठेवलं. पडद्यावर फोटो आला आणि मी मोठा केला. तारे टिंबांसारखे. टिंबंच. आणि त्या धूसर जागी गुलाबी धुराचा पंखा पसरलेला.

आण्णांसमोर कॅमेरा धरला. त्यांनी बराच वेळ बघितलं. कुठली कडा हलली आहे का ते शोधत होते, नेहमीसारखं. सापडली नाही.

"काढलास की," म्हणाले.

मी म्हटलं, "आपण काढला."

"न्हाई. तू काढलास. मी बसून होतो." त्यात राग नव्हता. पण आनंद होता असंही म्हणवत नाही. तीस वर्षं मी नवरीचा पदर सावरला आणि अल्बमला डिंक लावला. त्यांच्या कॅमेऱ्यातून चांगला निघालेला हा पहिला फोटो असा की ज्याला त्यांचा हात लागला नाही. परत येताना टेम्पोत ते माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसले होते. थंडी होती म्हणाले.

झुल्फिकारने पुष्कळ फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक बसवून एक केला. त्याची प्रत सोबत पाठवतेय. मी हे पाकीट चिकटवत होते, तर आण्णा मागून म्हणाले, "पिनकोड घातलास का? मागच्या खेपेला राहिला हुता." म्हणजे पहिल्यापासून त्यांना ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते पेपर वाचत होते.

आता तुझ्या ओळी. तू लिहितोस, त्यांनी एकदा म्हणावं की मी बरोबर होतो, मग येतो.

ते म्हणणार नाहीत. तू बरोबर होतास हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलंय, दिवसातून तीन वेळा गोळी सांगते, सांडलेला चहा सांगतो. आता तुझ्यासमोर तोंडाने म्हणायचं तेवढं राहिलंय आणि तेवढंच ते करणार नाहीत. तुझा निरोप मी त्यांना दिलेला नाही, देणारही नाही. यापुढे इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे मी करणार नाही. थकले मी. तुला यायचं असलं तर ये, नसलं तर येऊ नकोस, पण माझ्या हाती अटी पाठवू नकोस.

हे वाचून तू रागावशील. रागाव.

आई


भोर, २ एप्रिल २०२५

इंद्रजित,

काल तुझी गाडी सुटल्यावर आम्ही लगेच घरी आलो नाही. स्टँडवरच बसून राहिलो. चहा घेतला. तू नीट पोहोचलास हे तुझ्या मेसेजवरून कळलं, तरी हे लिहिते. तू गेल्यानंतरचं तुला माहीत नाही म्हणून.

पाडव्याच्या आदल्या दिवशी तू दारात उभा राहिलास तेव्हा मी काय बोलले ते मला आठवत नाही. आण्णा काय बोलले ते आठवतं. "चप्पल आत घे, कुत्रं नेतं." तुझा चेहरा पडला होता. तू यापेक्षा काहीतरी जास्त ऐकायची तयारी करून आला होतास, वाईट किंवा चांगलं.

त्याच संध्याकाळी मामाच्या टेम्पोतून खळ्यावर गेलो. तू सगळं सामान एका फेरीत वर नेलंस. मी मागून हात हलवत आले, तेव्हा मला चुकल्यासारखं होत होतं. तू नळीत डोकावलास आणि मी सांगायच्या आत ध्रुव धरलास. कॅमेरा बसवलास, एकेक स्क्रू आवळलास. आण्णा खुर्ची तुझ्या अगदी जवळ घ्यायला लावून बसले होते. ते एकही सूचना देत नव्हते, याचं मला नवल वाटत होतं. मृग पश्चिमेला कलला होता. फोटो चांगले आले. माझ्यापेक्षा चांगले आले, मी मानते.

मग तू म्हणालास, "आण्णा, हे खेळणं झालं. मोठं माउंट घेऊ या, दुर्बीण बसेल असं. मी आणतो."

"तू असणार हाईस का हितं उचलायला?"

मला वाटलं, आता किकवीचं निघणार. दोन्हीकडून निघालं असतं. पण तू वाकून बॅटरीची वायर नीट केलीस आणि ते म्हणाले, "लेन्सवर धूळ बसलीया बघ, पूस." तू पुसलीस. तेवढ्यावर राहिलं.

दुसऱ्या दिवशी घरी परतून गुढी तू उभारलीस, श्रीखंड खाल्लंस, स्टुडिओत बसून दोन गिऱ्हाइकांचे फोटो काढून दिलेस. ना त्यांनी म्हटलं की तू बरोबर होतास, ना तू म्हटलंस की चारचौघांत तसं करायला नको होतं. मी वाट बघत होते. काल तू एसटीत चढलास तेव्हा मी वाट बघणं सोडलं.

स्टँडवर चहा पिताना आण्णा म्हणाले, "बघितलास का त्याचा हात?"

मी म्हटलं, "कसला हात?"

"स्क्रू आवळताना. मी तेच बघत हुतो तिथं. फोटोकडं माझं ध्यान नव्हतं." चहाचा घोट घेतला. "अजाबात हलत न्हाई. बारीक स्क्रू, अंधारात. जरा सुदीक न्हाई."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. हे दुखणं बापाकडून पोराकडे जातं का, हे त्यांनी कधीतरी मोबाईलवर वाचलं होतं. कुठं लिहिलंय जातं, कुठं लिहिलंय सहसा जात नाही. डॉक्टरांना विचारायची त्यांची छाती झाली नाही. मला सांगितलं नाही. केव्हापासून हे मनात धरून होते ते मी विचारलं नाही. मी तर समजत होते की ते अपमान धरून बसलेत.

मी म्हटलं, "डॉक्टरांना आपण विचारू या पुढच्या खेपेला. पण तो तरणा आहे, आत्ताच कसा हलेल हात?"

"माझा ह्याच वयात कधी कधी हलायचा," ते म्हणाले. "कुणाला सांगितलं न्हाई. कॅमेरा दोन्ही हातांनी दाबून धरायचो."

खरं-खोटं देव जाणे. हल्ली ते मागच्या आयुष्यातही दुखणं शोधतात. मी वाद घातला नाही. कप परत दिले, त्यांचा दंड धरला आणि चालत घरी आलो. वाटेत त्यांनी रस्त्यावरच्या दोघांना आपण होऊन हाक मारली, पोरगा येऊन गेला म्हणून सांगितलं.

जेवले. गोळी दिली. मी नेहमीसारखी त्यांच्या हाकेच्या अंदाजाने अर्धवट जागी राहिले होते, पण हाक आलीच नाही. केव्हा डोळा लागला कळलं नाही. आज दूधवाल्यानं कडी वाजवली तेव्हा आम्हाला जाग आली, दोघांनाही. ऊन अंथरुणापर्यंत आलं होतं.

आई